पुढचे पुस्तक कोणते?

(ग्रंथपाल दिनानिमित्त शिक्षक, ग्रंथपाल व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रंथालयशास्त्राचा मी अभ्यासक नव्हे. कलाशाखेची पदवी घेऊन प्रसिद्धी खात्यात आलो आणि तेव्हापासून इतरांच्या भाषणांचे वृत्तांत लिहिण्यात माझा काळ गेला. त्यामुळे स्वतः भाषणास उभे राहताना संकोच वाटतो. परंतु या नोकरीने मला एक संधी भरपूर दिली. समारंभ शाळेत असला म्हणजे प्रमुख पाहुणे येईपर्यंत तास-दीड तास रिकामा मिळतो. तो वेळ मी बहुधा शाळेच्या पुस्तकांच्या कपाटासमोर घालवीत आलो आहे. आज जे सांगणार आहे ते पुष्कळसे त्या रिकाम्या वेळेतूनच आलेले आहे.

ज्यांच्या जन्मदिनी, म्हणजे १२ ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन पाळतो त्या डॉ. शि. रा. रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालचा. मूळचे ते गणिताचे प्राध्यापक. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे असे सांगते, आणि तिसरे प्रत्येक ग्रंथालाही त्याचा वाचक लाभला पाहिजे असे. ऐकावयास ही गोष्ट सोपी वाटते. पण शाळेच्या कपाटासमोर उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला हे सूत्र लावू गेले म्हणजे त्यातील अवघडपण ध्यानी येते. आपला ग्रंथ कोणता हे त्या मुलाला ठाऊक नसते, आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांनी तो विचारलेला नसतो.

एका समारंभाच्या वेळी असाच बसलो असताना शाळेची देवघेव नोंदवही माझ्या हाती आली. चाळता चाळता सातवीतील एका मुलीच्या नावाशी थांबलो. जून-जुलैच्या सहा आठवड्यांत तिने चार पुस्तके नेली होती. सगळी प्राण्यांविषयीची: हत्ती, वाघ, पक्षी, आणि एक जंगलातील गोष्टींचे. पाचवी नोंद एका थोर पुरुषाच्या चरित्राची होती. ते पुस्तक तिसऱ्या दिवशी परत आले होते आणि त्यापुढे मार्चपर्यंत तिच्या नावापुढे एकही नोंद नव्हती. मी तेथील शिक्षिकाबाईंना विचारले. त्या जरा आठवून म्हणाल्या, “प्राण्यांची पुस्तकं संपली, साहेब. मग जे होतं ते दिलं.”

या उत्तरात त्यांचा दोष मी धरत नाही. त्यांच्याकडे तीन वर्गांचे मराठी, शालेय पोषण आहाराचा हिशेब आणि शिवाय ग्रंथालय एवढे काम होते. परंतु त्या नोंदवहीने मला जे दाखविले ते कोणत्याही अहवालात मी वाचले नव्हते. वाचणारे मूल वाचेनासे होते ते बहुतेकदा दोन पुस्तकांच्या मधल्या जागेत. पहिले पुस्तक आपण मोठ्या हौसेने देतो, त्याचे छायाचित्रही निघते (ते काढणाऱ्यांपैकी मीही एक आहे!). दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या पुस्तकाच्या वेळी मात्र मुलाजवळ कोणी नसते.

माझ्या स्वतःच्या शाळेत पुस्तके हजेरी क्रमांकाने वाटली जात. शनिवारी गुरुजी कपाट उघडीत, वरच्या फळीपासून एकेक पुस्तक काढीत आणि ज्याचा क्रमांक येईल त्याच्या हाती ठेवीत. मला एकदा एका कादंबरीचा दुसरा भाग मिळाला. पहिला भाग मागितला तेव्हा, तो दुसऱ्या कोणाच्या नशिबी असेल, असे उत्तर मिळाले. वर्गात सगळे हसले आणि मी तो दुसरा भाग तसाच परत केला.

मला वाचक केले ते गावच्या वाचनालयातील काकांनी. त्या सुमारास दूरदर्शनवर ‘फास्टर फेणे’ मालिका येऊन गेली होती आणि भा. रा. भागवतांचे ते पुस्तक मी तीन वेळा वाचले होते. चौथ्यांदा तेच मागावयास गेलो तेव्हा काकांनी चष्म्यावरून पाहत विचारले, “यातलं काय आवडलं रे तुला?” असा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. मी गोंधळून म्हणालो, “तो एकटाच कुठंही जातो ते.” काका आत गेले आणि त्याच भागवतांनी मराठीत आणलेली ज्यूल व्हर्नची एक कादंबरी घेऊन आले. “हे ने. यात तर माणसं भलत्याच ठिकाणी जातात.” पुढे दोन वर्षांनी त्याच वाटेने मी दिवंगत डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’पर्यंत पोहोचलो. विज्ञानात मला कधीच गती नव्हती, तरी ते पुस्तक मी रात्री जागून संपविले.

काकांचा तो प्रश्न मी आपल्यापुढे ठेवू इच्छितो. “कोणते पुस्तक वाचलेस?” एवढे विचारून भागत नाही. “त्यातले काय आवडले?” असे विचारावे लागते. एकच ‘श्यामची आई’ तीन मुले वाचतात. एकाला आईचे बोलणे आवडते, दुसऱ्याला कोकणातील नदी, पोहणे आणि झाडेमाडे, तर तिसऱ्याला त्या घराच्या गरिबीत आपले घर दिसते. या तिघांना पुढचे पुस्तक एकच देऊन चालणार नाही. पहिल्याला आई-मुलांच्या, घरातल्या गोष्टी द्याव्या. दुसऱ्याला आपल्याच सत्तरीत, आंबेडे येथे जन्मलेल्या महादेवशास्त्री जोशी यांच्या गोमंतकातील कथा दाखवाव्या. तिसरा नववीत असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ त्याला पेलतील. त्यानंतर ‘बनगरवाडी’. धनगरांच्या एका वाडीवर शाळा चालवावयास गेलेल्या तरुण मास्तरची ती कादंबरी, शिक्षक मित्रहो, आपणही पुन्हा एकवार वाचण्यासारखी आहे.

शेती, झाडे, प्रयोग यांची आवड असलेल्या मुलाला वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ द्यावे. हे १९८१ साली निघालेले पुस्तक आजही नव्या मुलांच्या हाती जाते. गुलामगिरीत जन्मलेल्या एका निग्रो अनाथ मुलाने वनस्पतीशास्त्रज्ञ होऊन अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील शेतकऱ्यांना भुईमूग आणि रताळे यांची लागवड कशी शिकविली याची ती हकीकत आहे. चरित्रे मुलांना आवडत नाहीत असे आपण म्हणतो. खरे पाहता, ज्या माणसाबद्दल मुलाला काही कुतूहल नाही त्याचे चरित्र त्याला आवडत नाही, इतकेच.

आपल्या गोमंतकात आणखी एक सोय आहे, ती आपण अडचण समजतो. येथील मूल घरी कोंकणी बोलते, प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोंकणी शिकते आणि पुढे इंग्रजीत जाते. त्याचे पुढचे पुस्तक या तिन्हींपैकी कोणत्याही भाषेत असू शकेल. मराठीतील पुस्तक आवडले म्हणून पुढचेही मराठीच, असा आग्रह मराठीच्या प्रेमानेसुद्धा धरू नये. ज्या मुलाचे वाचन चालू राहते ते मराठीकडे परत येते. ज्याचे थांबते ते कोणत्याच भाषेकडे येत नाही.

आता व्यवहाराकडे वळतो. वर्गात चाळीस मुले आणि हाती एक तास, तेव्हा प्रत्येकाशी बोलावे कसे, असे आपण विचाराल. एका शाळेत मी पाहिलेली युक्ती सांगतो. पुस्तकाच्या शेवटी जेथे तारखांची पट्टी चिकटविलेली असते तिच्या समोरच्या पानावर त्यांनी एक कोरा कागद लावला होता. पुस्तक आवडलेल्या मुलाने त्यावर आपले नाव, इयत्ता आणि ‘यानंतर हे वाच’ म्हणून एका पुस्तकाचे नाव लिहावयाचे. सहावीतील मुलगा सहावीतील मुलाचे जितके ऐकतो तितके आपले ऐकत नाही. वर्षभरात काही पुस्तकांवर सात-आठ नावे जमली होती. त्यांतील दोन पुस्तके शाळेत नव्हतीच. मुख्याध्यापकांनी ती पुढील खरेदीच्या यादीत घातली. खरेदीची यादी करण्याचा याहून चांगला मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

पुस्तक झेपेल की नाही हे मुलालाच ठरविता यावे यासाठी जुना उपाय आहे. मधले कोणतेही पान उघडून वाचावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पान संपण्यापूर्वी मूठ वळली तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी ठेवावे. मात्र विषयाची आवड जबर असेल तर हा नियम मोडू द्यावा. आणि घेतलेले पुस्तक अर्धवट परत करण्याची मोकळीक मुलाला हवी. पंधरा दिवस ते बळेच दप्तरात बाळगावयास लावणे ही शिक्षा आहे.

पुस्तके शाळेत मुळातच थोडी, ही तक्रार खरी आहे. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी इयत्तांच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. ती रक्कम मार्चअखेर घाईने एकाच विक्रेत्याच्या संचावर खर्च झाली तर कपाट भरते, पण वाचक वाढत नाहीत. मी असे संच प्लॅस्टिकच्या वेष्टनासह पाहिले आहेत. मुले काय व्हावीत असे मोठ्यांना वाटते त्याप्रमाणे ते निवडलेले असतात, आणि मुले काय मागतात याचा त्यांत मागमूस नसतो.

थोड्या पुस्तकांवर पुष्कळ वाचक सांभाळण्याची रीत एका संस्थानाने शंभर वर्षांपूर्वीच घालून दिली होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळेत शिकलेले मूल पुढे वाचावयास काही नसल्याने अक्षरे विसरून जाईल, ही चिंता त्यांना होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून घेतले आणि राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यात फिरती ग्रंथालये होती. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव जात, काही काळ राहत आणि पुढच्या गावी निघत. एका केंद्रातील पाच शाळांनी आपापल्या तीस-तीस पुस्तकांची पेटी दर दोन महिन्यांनी अदलून बदलून फिरविली तर प्रत्येक शाळेच्या मुलांना एका वर्षात दीडशे पुस्तके पाहावयास मिळतील. यासाठी नव्या आदेशाची गरज नाही. एक वही आणि मुख्याध्यापकांचा परस्परांवरील विश्वास एवढे पुरे. पणजीचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२ सालापासूनचे आहे. तेथे बालविभाग आहे, आणि तालुक्यांची ग्रंथालयेही आहेत. सहलीच्या वेळी मुलांना किल्ले, मंदिरे दाखविता, तसे एकदा तेथेही न्यावे.

सगळ्यात मोठा अडसर कुलुपाचा आहे आणि कुलपामागे भीती आहे. एक मुख्याध्यापक मला म्हणाले, “साहेब, पुस्तक हरवलं की लेखापरीक्षणात माझं नाव येतं. कपाट बंद राहिलं तर कुणी काही विचारत नाही.” हे ऐकून मी निरुत्तर झालो होतो. नंतर माहिती काढली. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत नियम २१५ आहे. अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी समजावी, असे तो म्हणतो. एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे आणि दुर्मिळ ग्रंथ हरवल्यास मात्र चौकशी व्हावयासच हवी. समजा, शाळेत तीनशे मुले आहेत आणि प्रत्येकाने वर्षात दहा पुस्तके नेली. म्हणजे तीन हजार देवघेवी, आणि त्या हिशेबाने पंधरा पुस्तकांची हानी गृहीत धरता येते. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे हे मी जाणतो. आपल्या संस्थेस काय लागू होते ते शिक्षण कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे आणि ते पत्र कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावे. पुस्तके वापरली तर काही झिजतील, काही हरवतील, हे शासनाने मान्य केलेले आहे. हरवू नयेत म्हणून ती देऊच नयेत, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

पालकांसाठी एकच शब्द. ‘अभ्यास सोडून गोष्टी काय वाचतोस’ हे वाक्य घरात उच्चारण्यापूर्वी त्याच वेळी आपल्या हाती काय आहे ते पाहावे. बहुधा मोबाइल असतो.

त्या सातवीतील मुलीचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. त्या बाईंना माझ्या विचारण्याचा राग आला असेल असे मला वाटले होते. परंतु महिन्याभराने त्यांचाच दूरध्वनी आला. त्यांनी तालुक्याच्या ग्रंथालयातून स्वतःच्या नावावर दोन पुस्तके आणली होती. मारुती चितमपल्ली यांचे ‘रानवाटा’ आणि माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही वानरांच्या टोळ्यांची कादंबरी. पहिले पुस्तक मुलीने दुसऱ्याच दिवशी परत केले, शब्द कठीण वाटले म्हणून. दुसरे तिने ठेवून घेतले. “अजून परत आणलेलं नाही,” बाई म्हणाल्या, “आणि मुदत संपून आठ दिवस झाले. दंड लावू का, साहेब?”