जुन्या डब्यातला नवा पिस्टन

जुन्या प्रीमियर गाड्यांचा विषय शहाडला परका नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्सचं मूळ कुर्ल्यात. पण इथून जवळ, कल्याण-शीळ रस्त्यावरही त्यांचा कारखाना होता आणि तिथे प्यूजो ३०९ बनायची. मी बोलणार आहे प्रीमियर पद्मिनीबद्दल. फियाट ११००च्या घराण्यातली ही गाडी, इंजिन १०८९ सीसीचं. मुंबईत ३० ऑक्टोबर २०२३पासून ती टॅक्सी म्हणून बंद झाली. खासगी पद्मिनी मात्र अजून सोसायट्यांच्या कोपऱ्यांत झाकून ठेवलेल्या दिसतात.

पन्नास वर्षं पुरी झालेल्या गाडीला २०२१च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणून दुसरं इंजिन बसवून मोकळं होणं मला पटत नाही. आहे तेच इंजिन उभं करायचं, तर गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला कोरा माल शोधावा लागतो. असा सीलबंद डबा हाती आला की माणूस हरखतो. तिथेच सावध व्हायला हवं.

लोखंड वयाने मरत नाही. ग्रीस लावून मेणकागदात ठेवलेलं बेअरिंग चाळीस वर्षांनीही कामाचं असतं. गंजाचे खड्डे पडलेले असतील तरच टाकावं. रबर मात्र डब्यातही म्हातारं होतं. ऑईल सील ताठरतं, पेट्रोल पंपाचा डायफ्राम चिरतो. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे तर जुनं रबर टिकणारच नाही. बूचाचं पॅकिंग आक्रसतं आणि कंडेन्सर न चालवताच निकामी होतो. ही चार कामं जुन्या मालावर सोडू नका, नवीनच घ्या.

पिस्टनच्या रिंगांचं वेगळं. त्या नव्या असल्या, तरी तुमच्या बोअरच्या मापाच्या असतील असं नाही. ब्लॉक कधीतरी बोअर झालेला असतो आणि डब्यातला माल स्टँडर्ड निघतो. रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनने आत ढकलून सरळ करा आणि तोंडातली फट फीलर गेजने मोजा. मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा. फट साधारण पाव मिलिमीटर हवी. ती फार कमी असली, तर तापल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलिंडरला ओरखडे पडतात. फार मोठी असली, तर कॉम्प्रेशन निसटतं. हे मोजायला पाच मिनिटं लागतात. ती वाचवणारा मिस्त्री कितीही जुना असो, त्याच्या हातात मी इंजिन देणार नाही.

प्रीमियरच्या लाइनवर, सेंच्युरी रेयॉनच्या वर्कशॉपमध्ये किंवा मोहोन्याच्या एनआरसी कारखान्यात मायक्रोमीटर हाताळलेले कुणी इथे बसले असतील, तर त्यांनी नंतर जरूर थांबावं. मी दोन पिस्टन आणले आहेत. मापाचा वर्ग सांगणारी त्यांच्यावरची अक्षरं पुसट झाली आहेत. ती तुमच्याकडून वाचून घ्यायची आहेत.