उंबरठ्याबाहेरचे ऋण

(मठाच्या वर्धापनोत्सवप्रसंगी अमरगोळ येथे झालेले व्याख्यान)

मठाच्या महाद्वाराशी येताच प्रत्येक भक्त प्रथम पायांतील वहाणा उतरवितो. शुचितेचा हा नियम पुरातन आहे आणि तो योग्यच आहे. परंतु बाहेर राहिलेल्या त्या वहाणा कोणाच्या हातांनी घडल्या, हा विचार उंबरठा ओलांडताना सहसा कोणाच्या मनात येत नाही. आजच्या विषयाचा आरंभ तेथूनच करणे उचित होईल. एका समाजाने दुसऱ्या समाजाची कला, वेष वा विद्या घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणत्या रीतीने, हा तो विषय होय.

इ. स. २०२५ च्या जून महिन्यात इटलीतील मिलान नगरीत प्राडा या विख्यात पेढीने पुरुषांच्या नव्या वेषभूषा लोकांपुढे मांडल्या. त्यांत कोल्हापुरी चपलेशी हुबेहूब जुळणारी पादत्राणे होती. पण त्यांच्या वर्णनात कोल्हापूरचे अथवा भारताचे नावही नव्हते. महाराष्ट्रात मोठा क्षोभ उसळला. पुढे पेढीने भारतीय हस्तकौशल्यापासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले, तिचे प्रतिनिधी कोल्हापुरास येऊन कारागिरांना भेटले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला.

दोन्ही राज्यांच्या, हे शब्द येथे ध्यानात घेण्याजोगे आहेत. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले ते आठ जिल्ह्यांस मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे महाराष्ट्रातील चार. बेळगाव, बागलकोट, विजापूर व धारवाड हे कर्नाटकातील चार. अमरगोळ ज्या जिल्ह्यात वसले आहे तोही त्यांत आहे. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे, खिळ्यावाचून चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, ही विद्या सीमेच्या दोन्ही अंगांस नांदत आली. तथापि अथणीच्या कानडी कारागिराने घडविलेला जोड कोल्हापूरच्या नावाने विकला जावा आणि त्याच्या गावाचा उल्लेखही होऊ नये, असे दीर्घकाळ चालले. मिलानला कोल्हापूरचा विसर पडला, ते महाराष्ट्रास झोंबले. महाराष्ट्रास अथणीचा विसर पडला, ते कोणास झोंबले?

परक्याकडे बोट दाखविण्यापूर्वी घरची खतावणी उघडावी, हे बरे. मराठी रंगभूमीचा उगम सांगताना विष्णुदास भावे यांचे १८४३ चे 'सीतास्वयंवर' आदराने स्मरले जाते. पण त्यापूर्वी उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीस झाला होता, आणि तो पाहूनच सांगलीच्या अधिपतींनी भाव्यांस मराठीत तसे काही रचण्यास सांगितले, ही हकीकत नाट्येतिहासात नमूद आहे. भाव्यांनी उसने घेतले म्हणून त्यांची थोरवी उणी होत नाही. कर्कीचे नाव गाळले तर मात्र सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा उणा होतो. घेणे हा दोष नव्हे; ज्याचे घेतले त्याला पुसून टाकणे, हा दोष होय.

याहूनही कठीण प्रश्न उंबरठ्यावरच उभा आहे. ज्या हातांनी या वहाणा घडविल्या, त्या हातांना कित्येक देवालयांनी शतकानुशतके आत येऊ दिले नाही. पंढरीच्या विठ्ठलाचे द्वार सर्वांस खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. वस्तू घरात घ्यावी आणि कर्त्याला दारात उभे करावे, हा अपहार मिलानपेक्षा कितीतरी जुना आहे.

याच कन्नड भूमीत बाराव्या शतकातील शरण हरळय्या यांची आख्यायिका सांगितली जाते. हरळय्या चर्मकार होते. त्यांनी बसवण्णांस वंदन केले, तेव्हा बसवण्णांनी एका वंदनाची दोन वंदनांनी परतफेड केली. ते अधिकचे वंदन हरळय्यांना ऋण वाटले. त्यांनी व त्यांच्या पत्नीने स्वतःच्या मांड्यांचे कातडे काढून पादुका घडविल्या आणि बसवण्णांपुढे ठेविल्या. बसवण्णांनी त्या पायांत घातल्या नाहीत. त्या मस्तकी धरण्याच्या योग्यतेच्या मानल्या. एकाला वंदनाचेही ऋण वाटले, दुसऱ्याने श्रमाला मस्तकी स्थान दिले. परस्परांकडून घेण्याची खरी रीत या कथेत आहे.

ती रीत आचरणात आणणे अवघड नाही. ज्याची विद्या घ्यावयाची त्याच्यापाशी बसून ती शिकावी, त्याचे नाव उघडपणे घ्यावे, त्याच्या श्रमाचे योग्य मोल द्यावे आणि त्याला आपल्या पंक्तीस बसवावे. यांतील पहिल्या तीन गोष्टी करारपत्राने साधतील. चौथी मात्र अंतःकरणावाचून साधणार नाही.

भक्तजनहो, दर्शन आटोपून परतताना प्रत्येकजण पुन्हा वहाणांपाशी येईल. त्या पायांत घालण्यासाठी वाकावेच लागते. त्या वाकण्यात घडविणाऱ्याला क्षणभर नमस्कार घडला, तर आजच्या उत्सवाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.