मेंदूज्वराची जलद पारख

पावसाळ्याचे दिवस असतात. घाटंजीसारख्या तालुक्याच्या गांवीं सकाळीं अंगणांत खेळणारें मूल दुपारीं तापानें फणफणतें. रात्रीं त्याला वांत्या होतात, मान ताठते, उजेड सोसत नाहीं. आईबाप त्याला घेऊन यवतमाळचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गांठतात. पाठींतलें पाणी काढून तपासावें लागेल, असें डॉक्टर सांगतात; आणि येथेंच आईबाप कचरतात. पाठींतून पाणी काढलें कीं मूल अधू होतें, ही समजूत खेड्यांत आहे, तशीच शहरांतील सुशिक्षित घरांतहि आहे.

ही समजूत निराधार होय. मज्जारज्जु जेथें संपतो त्याच्या खालीं ही सुई घालतात, आणि काढलेलें थोडेंसें पाणी शरीर कांहीं तासांतच भरून काढतें. मेंदूवरील दाब वाढल्याचीं चिन्हें दिसलीं, तर डॉक्टर स्वतःच तें काम पुढें ढकलतात.

त्या पाण्याला विचारावयाचा प्रश्न असा, कीं मेंदूच्या आवरणाचा दाह जीवाणूंनीं झाला आहे कीं विषाणूंनीं? आरंभीं दोहोंचीं लक्षणें सारखींच दिसतात. परिणामांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर असतें. जीवाणूंचा दाह औषधावांचून कांहीं तासांतच प्राण घेऊं शकतो. विषाणूंच्या दाहाचें कारण बहुधा आंतड्यांत वाढणारे एंटेरोव्हायरस हें असतें, आणि असा रोगी बहुधा आठदहा दिवसांत आपोआप बरा होतो. हर्पीसचा विषाणु मेंदूंत शिरला, तर मात्र असायक्लोव्हिर हें औषध वेळेवर मिळालेंच पाहिजे.

पूर्वीं या प्रश्नाच्या उत्तरासाठीं प्रयोगशाळेंत जंतू वाढवून पाहावे लागत, आणि त्यांत दिवस जात. 1983 सालीं कॅरी म्युलिस या अमेरिकन शास्त्रज्ञाला जनुकद्रव्याच्या प्रती काढण्याची युक्ति सुचली. तिच्यासाठीं 1993 सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. त्याच न्यायानें एका तुकड्याचे दोन, दोहोंचे चार, असें तीस वेळां झालें कीं शंभर कोटींहून अधिक प्रती तयार होतात, आणि लपलेला विषाणु उघडा पडतो. 2015 सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेली अशी एक चाचणी सुमारें एका तासांत चौदा रोगजंतूंचा शोध घेते.

या चाचणीनें विषाणु मरत नाहीं. मग तिचा उपयोग काय? एंटेरोव्हायरस सांपडला, तर नको असलेलें प्रतिजैविक थांबवितां येतें आणि मूल लवकर घरीं जातें. हर्पीस सांपडला, तर योग्य औषध चालू ठेवतां येतें. परंतु रोग जीवाणूंचा असल्याची शंका असतां पहिलें औषध निकालासाठीं थांबवावयाचें नसतें. शिवाय आजाराच्या पहिल्याच दिवशीं हर्पीस न सांपडल्यास चाचणी पुन्हां करावी लागते.

विदर्भाला याहून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानांत ठेवणें प्राप्त आहे. 1965 सालीं पुण्याच्या विषाणु संशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं नागपूर जिल्ह्यांतील चांदीपुरा येथील रोग्यांच्या रक्तांतून एक नवा विषाणु वेगळा केला आणि त्याला त्या गांवाचेंच नांव दिलें. वालुमक्षिकेच्या दंशानें पसरणारा हा विषाणु प्रत्यक्ष मेंदूवरच घाला घालतो. 2003 सालीं आंध्र प्रदेशांत मेंदूज्वरानें आजारी पडलेल्या 329 मुलांपैकीं 183 दगावलीं, आणि त्या साथीचें प्रमुख कारण हा विषाणु असल्याचें पुण्याच्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें. कित्येक मुलें तर रुग्णालयांत आल्यापासून एका दिवसांत गेलीं. 2024 सालीं गुजराथेंत तो पुन्हां उसळला. त्यावर अद्याप लस नाहीं, खास औषधहि नाहीं. वेळेवर मिळालेली शुश्रूषा हाच आधार आहे.

आणि वर सांगितलेल्या चौदा नांवांत चांदीपुऱ्याचें नांव नाहीं! यंत्राला जें विचारावें तेंच तें सांगतें. चांदीपुऱ्यासाठीं निराळी चाचणी मागावी लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत ती होते. म्हणून मूल कोठून आलें, घराच्या भिंतींना भेगा आहेत काय, जवळ गुरांचा गोठा आहे काय, कोणतीं औषधें आधीं दिलीं, हें आईबापांनीं आपण होऊन सांगितलें पाहिजे. चाचणी एका तासाची असली, तरी घरांत वाट पाहण्यांत गेलेली रात्र तिला परत आणतां येत नाहीं.