जखडलेल्या ब्रेकची दुरुस्ती

बंगळूरच्या बाह्य वर्तुळमार्गावर मारतहळ्ळीच्या गर्दीत मोटारसायकलस्वाराला घडोघडी ब्रेक लावावा लागतो. आणि एके दिवशी लिव्हर सोडली तरी चाक मोकळे होत नाही. गाडी जड चालते, पेट्रोल अधिक खाते, डिस्क तापते. तेल उकळू लागले, तर ऐन वेळी दाबलेली लिव्हर पोकळ ठरते. घरपोच सामान पोचविणाऱ्या तरुणाचा मात्र गाडी उभी राहिली की रोज बुडतो. म्हणून ‘कॅलिपरच नवा घाला’ हे उत्तर तो निमूटपणे स्वीकारतो.

हे उत्तर पुष्कळदा घाईचे असते. कॅलिपरमधील दट्ट्या मागे घेण्यास स्प्रिंग नसते. ते काम एक रबरी कडी करते : दाबाने ती किंचित मुरडते, आणि दाब सरताच पूर्ववत होताना दट्ट्याला मागे आणते. भोवती चिखल व गंज साठला, की तिचे बळ अपुरे पडते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांचे ग्रीस वाळले, तरी परिणाम तोच. (येथे साधे ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगते.) अशा वेळी सफाई, नवी कडी, योग्य ग्रीस, ताजे तेल आणि मजुरी एवढाच खर्च. दट्ट्याला गंजाने खड्डे पडले असतील, तर गोष्ट निराळी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे. तरीही नव्या कॅलिपरला होकार देण्यापूर्वी ग्राहकाने जुना दट्ट्या बाहेर काढून दाखवावयास सांगावे.