संगणकाची किंमत आणि आज्ञावलीचे मोल

संगणक विकत घेताना त्यासोबत येणाऱ्या आज्ञावलीचीही, म्हणजे सॉफ्टवेअरचीही, किंमत आपण मोजलेली असते. मग तिच्या सुधारित आवृत्तीसाठी उत्पादकाने पुन्हा पैसे मागावेत काय?

१९६९ पूर्वी आयबीएम कंपनी यंत्राच्या भाड्यातच आज्ञावली देत असे. त्या वर्षी तिने दोहोंचे दर वेगळे करण्याचे जाहीर केले. २००७ मध्ये ॲपल कंपनीने, काही संगणकांत आधीच बसविलेली वेगवान बिनतारी जोडणीची सोय सुरू करून देण्यासाठी १.९९ डॉलर आकारले. हिशेबाच्या नियमांमुळे ते भाग पडते, असे तिचे म्हणणे होते. त्याच कंपनीने २०१३ मध्ये 'मॅव्हरिक्स' ही कार्यप्रणाली मात्र विनामूल्य दिली.

माझ्या मते येथे दोन गोष्टींत भेद केला पाहिजे. नव्या सोयींमागे नवे श्रम असतात. त्यांचे मोल मागणे गैर नाही. परंतु सुरक्षेतील उणीव ही विकलेल्या मालातीलच उणीव होय. तिची दुरुस्ती ठरावीक मुदतीपर्यंत विनामूल्यच झाली पाहिजे आणि ती मुदत ग्राहकास खरेदीपूर्वी कळली पाहिजे.

२०१५ मध्ये आलेल्या 'विंडोज १०' प्रणालीला मिळणारा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. यंत्रे चालू राहिली. संरक्षण मात्र सरले. शाळेतील गुणपत्रके व ग्रामपंचायतीच्या करनोंदी अशा यंत्रांवर असतील, तर धोका गावाचा आहे. म्हणून दरपत्रक मागविताना किमतीबरोबरच विचारावे : सुरक्षा-दुरुस्ती किती वर्षे आणि कोणाच्या खर्चाने? उत्तर लेखी घ्यावे.