कॅमेऱ्याकडे कोण बघतं?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘सोसायटीची सुरक्षा : काल आणि आज’. मी बँकेतून निवृत्त झाले. कुलूप-किल्ली आणि करारातली बारीक अक्षरं, दोन्हींशी माझी जुनी ओळख. सुरक्षा उपसमितीत मला घेतलं ते बहुधा त्यामुळेच.

काल म्हणजे २००० साल. सोसायटी नोंदवली तेव्हा आपल्याकडे एक लोखंडी गेट, एक वॉचमन, त्याची काठी आणि शिट्टी, एवढाच सरंजाम होता. शिवाय ए विंगच्या तळमजल्यावरच्या आजी दिवसभर खिडकीत असायच्या. कोण आलं, कोणाकडे गेलं, हातात पिशवी कसली होती, सगळं त्यांच्या ध्यानात. त्यांना एएमसी लागत नव्हती, दुपारचा एक कप चहा पुरायचा.

आज आपल्याकडे आठ कॅमेरे आहेत, इंटरकॉम आहे, गेटवर मोबाइल ॲप आहे. घरोघरी व्हिडिओ डोअरफोन आणि काही दारांना डिजिटल कुलपं आहेत. आणि या प्रत्येकाची आपापली तऱ्हा आहे. इंटरकॉमवरून सी विंगला फोन लावला की डी विंगमध्ये वाजतो. ॲप बरोबर दुपारी अडीचला विचारतं, ‘पाहुण्याला आत सोडू का?’ आणि पाहुणा निघतो कुरिअरवाला, तोही शेजारच्यांचा. खिडकीवरचा सेन्सर चोरासाठी बसवला, पण तो बोंबलतो कबुतराला बघून. डिजिटल कुलपाचे सेल संपले की घरमालक स्वतःच्या दाराबाहेर उभा. (अशा बऱ्याच कुलपांना बाहेरून दोन छोटे टोक असतात. तिथे ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की कुलूप जागं होतं. आपल्या कुलपाला ही सोय आहे का, ते आजच बघून ठेवा.)

घरात कॅमेरा बसवायची कल्पना कोणाला सुचली, माहिती आहे? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या नर्सला. कामाच्या वेळा अवेळी, घरात बऱ्याचदा एकटी, आणि पोलीस बोलावले तर यायला उशीर. तिने आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या नवऱ्याने १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९ मध्ये मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत पडदा, बोलायची सोय, दार उघडायचं बटण आणि मदत बोलावायचं बटण. त्या यंत्रासमोर एक जागं माणूस बसलेलं होतं, हे लक्षात घ्या. जिला भीती होती, तीच बघत होती. आपल्याकडे कॅमेरे आठ झाले, पण त्यांच्याकडे बघायचं कोणी, हे ठरलेलंच नव्हतं.

त्याची किंमत काय पडली ते आज सांगायला हवं. आनंदाच्या दिवशी हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण पंचवीस वर्षांच्या हिशेबात तोही धरला पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात मंडपातली दानपेटी गेली. पार्किंगमधल्या कॅमेऱ्याचं तोंड नेमकं मंडपाकडे होतं, म्हणून सगळे निर्धास्त होते. रेकॉर्डिंग काढायला गेलो तर काहीच नाही. हार्ड डिस्क आधीच बंद पडलेली. पण टीव्हीवर चित्र तर रोज दिसत होतं! इथेच खरी मेख आहे मंडळी. समोरचं चित्र दिसायला हार्ड डिस्क लागत नाही. डिस्क मेली तरी पडद्यावर गाड्या येताना-जाताना दिसतात, फक्त साठत काही नाही.

मग संशय कोणावर? रात्रपाळीच्या वॉचमन काकांवर. नऊ वर्षं इथे होते. चौकीत दोनदा बोलावणं झालं. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण लोकांनी त्यांच्याकडे किल्ल्या ठेवायचं बंद केलं. पंधरा दिवसांत ते नोकरी सोडून गावी गेले. पेटी कोणी नेली हे आजही कळलेलं नाही. कॅमेरा चोर पकडण्यासाठी असतो असं आपण म्हणतो. त्या रात्री तो चालू असता तर एका निर्दोष माणसाचा साक्षीदार झाला असता.

आता करार बघा. कंपनीला बोलावलं तेव्हा त्यांनी शांतपणे दोन कागद पुढे केले. पहिला एएमसीचा. त्यात हार्ड डिस्क, वायर, ॲडॅप्टर, पॉवर सप्लाय, वीज पडून झालेलं नुकसान, विजेच्या कमी-जास्त दाबाने झालेलं नुकसान आणि उंदराने कुरतडलेलं, हे सगळं वगळलेलं. मग उरलं काय? कॅमेऱ्याची काच पुसणं. आणि पैसे मात्र वर्षाचे आगाऊ, वर १८ टक्के जीएसटी. दुसरा कागद तिमाही भेटीचा अहवाल : ‘सर्व कॅमेरे चालू, रेकॉर्डिंग व्यवस्थित.’ खाली सही वॉचमन काकांची. दुपारी टेक्निशियन यायचा, गेटवर जो असेल त्याची सही घ्यायचा आणि निघायचा. ज्या माणसाला त्या रेकॉर्डिंगची सगळ्यात जास्त गरज पडली, त्याच्याच सहीने ते ‘व्यवस्थित’ होतं.

त्यानंतर उपसमिती नेमली आणि आम्ही काम सुरू केलं. केलं काय, ते थोडक्यात सांगते, कारण पुढच्या कमिटीलाही ते चालवायचं आहे.

एक, हिशेब. विकणारा म्हणाला होता, ‘महिनाभराचं रेकॉर्डिंग राहतं.’ एका कॅमेऱ्याचे सेकंदाला २ मेगाबिट धरले तर आठ कॅमेऱ्यांचे दिवसाला साधारण १७३ जीबी होतात. आपली १ टीबीची डिस्क सहाव्या दिवशी भरते आणि जुनं पुसून त्यावर नवं लिहायला लागते. गावाहून आठवड्याने परतून सायकल गेल्याचं कळलं, तर शोधणार कुठे? म्हणून आता ६ टीबीची डिस्क घेतली आहे. साधारण ३४ दिवस राहतं.

दोन, घड्याळ. डीव्हीआरमधला बटणसेल संपला होता. वीज गेली की त्याची तारीख १ जानेवारी २००० वर जायची. सोसायटी ज्या वर्षी जन्मली त्याच वर्षात बिचारा रमायचा! दहा रुपयांच्या आसपासचा सेल, पण चुकीच्या तारखेचं चित्रण दाखवून पोलिसांना काय पटवणार?

तीन, करार. नवीन करार कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, सुट्या भागांसकट. वगळलेल्या वस्तूंची यादी पहिल्या पानावर. ‘तक्रारीची दखल’ किती तासांत यासोबत ‘दुरुस्ती’ किती तासांत हेही लिहून घेतलं, कारण ‘माणूस निघालाय’ ही दखल झाली, दुरुस्ती नव्हे. पैसे तिमाही, काम झाल्यावर. पासवर्ड आपल्याकडे, बंद पाकिटात, ऑफिसच्या कपाटात. आधीचा पासवर्ड मिळवायला किती फोन झाले, ते सचिवांना विचारा!

चार, सही. कालचं दुपारी तीनचं रेकॉर्डिंग स्वतः चालवून बघितल्याशिवाय अहवालावर सही नाही, आणि ती फक्त कमिटी सदस्याची. गेटवरच्या माणसाची नाही.

पाच, कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘व्यक्ती’ या शब्दात सहकारी संस्थाही येते. म्हणजे सोसायटी तक्रार करू शकते, मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार चित्रणाची प्रत कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर ते यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही लागते. आपलं यंत्र कोणाच्या ताब्यात? कायदाही शेवटी हेच विचारतो.

आणि सहावी गोष्ट यंत्राची नाही. गेल्या वार्षिक सभेत आपण एकमताने ठराव केला : वॉचमन काकांविरुद्ध काहीही आढळलेलं नाही, आणि त्यांच्या नऊ वर्षांच्या सेवेबद्दल सोसायटी आभारी आहे. लेटरहेडवर, शिक्क्यासह त्याची प्रत त्यांच्या गावी पाठवली. फोनवर ते एवढंच म्हणाले, ‘ताई, मुलाला वाचून दाखवला.’

आता माझी मागणी. रविवारी सकाळी पाच मिनिटं रेकॉर्डिंग तपासायची पाळी आम्ही विंगवार लावतो आहोत. मुलांनो, तुम्हाला हे आमच्यापेक्षा लवकर जमेल, तुम्हीही नावं द्या. वही गेटवर ठेवली आहे. डी विंगमधून अजून एकही नाव आलेलं नाही, हे मी मुद्दाम माइकवर सांगते आहे.

दहा मिनिटं संपली, आणि मसालेभाताचा वास इथपर्यंत आला आहे. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.