पळीभर तेल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘आपल्या खान्देशाविषयी दोन शब्द बोल,’ असं संयोजकांनी सांगितलं आणि मला आपली नववीतली पाटणादेवीची सहल आठवली. चाळीसगावला उतरून पुढे गेलो. देवीचं दर्शन घेतलं, धवलतीर्थाच्या धबधब्यात भिजलो, दशम्या खाल्ल्या, परतलो. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी नेहमीप्रमाणे बाकावर उभा!

आपण नाचलो-भिजलो त्या पाटणला कधीकाळी गणिताचीच शाळा होती, हे मला चाळिशीत कळलं. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. तापीकाठचे योगी चांगदेव वेगळे. या चांगदेवांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि आजोबांच्या इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला. निकुंभ वंशातल्या सोइदेवाने शके ११२८ मध्ये त्याला दान दिलं. हे सांगणारा पाटणचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

लेख संस्कृतात आहे, पण देण्याघेण्याचा तपशील आला की भाषा जुन्या मराठीवर येते. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला, आणि जेवढे तेलघाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळी-पळी तेल. म्हणजे राजाच्या दानाबरोबर तेल्याच्या पळीवरही ती शाळा चालत होती.

अशी वाटणी आपल्याकडे पाण्यातही होती. धुळे-साक्रीकडच्या मित्रांना पांझरेवरचे फड ठाऊक आहेत. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि ते गावाने बसून ठरवायचं. पाणी पाळीने. पाटकरी आणि जागल्या यांना गावाने धान्य द्यायचं. शेकडो वर्षं हे चाललं. पुढे विहिरींवर मोटारी आल्या, वरच्या अंगाला धरणं झाली, जो तो आपल्या पाण्याचा धनी झाला आणि बरेच फड मोडले.

पाटणचा तो बाजार आज नाही, घाणे नाहीत, मठ नाही. जुनी मंदिरं आणि १९८६ पासून अभयारण्य असलेलं गौताळ्याचं जंगल तेवढं आहे. पळी घालणारी माणसं उठून गेली की शाळाही उठते. हे मी कुणाला दोष देण्यासाठी बोलत नाही. मीच तीस वर्षांपूर्वी पुण्याला गेलो. माझ्या मुलांना खान्देश म्हणजे ऊन, केळी आणि भरीत एवढंच माहीत आहे. चूक त्यांची नाही. मी त्यांना कधी काही दाखवलंच नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पुढचा मेळावा सभागृहात नको. पावसाळा सरता सरता, धबधबे वाहते असताना, पोराबाळांसह पाटणला भरवू. कळण्याच्या भाकरी तिथेच खाऊ. आणि आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी प्रत्येकाने दरवर्षी आपली पळी घालावी. पळी लहान असली तरी चालेल, चुकता कामा नये.

सर, त्या दिवशीचं गणित मला अजून येत नाही. पण यंदाच्या सहलीला मी बाकावर उभा न राहता, तुमच्याशेजारी बसून येईन.